बाबांच्या पलंगावरची चादर

ता. ३ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा जरा कमी दुखतोय हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही मजेत. लोकांचे दात किडताहेत, म्हणजे माझा दवाखाना झकास चाललाय.

आता मुद्द्याचं सांगते. परवा बाबांच्या ‘त्यां’चं पत्र आलं. हो, तू जमवून दिलेल्या सिस्टरचंच. बाबांशी लग्न होऊन अख्खा हिवाळा उलटला, आणि बाईंचं मला हे पहिलं पत्र. त्यात विचारलंय काय, तर बाबांना अंगाखाली कसल्या चादरी सुखाच्या वाटतात? त्यांनाच विचारलं तर कुठलीही चालेल म्हणतात, म्हणून मला तसदी दिली म्हणे. खुर्चीत पेशंट आ वासून बसला होता आणि मी पत्र हातात घेऊन तशीच उभी. शेवटी त्यानेच घशातून आवाज काढला तेव्हा मी भानावर आले.

बाबा कशावर झोपतात हे मी तिला सांगायचं? तूच सांग, हा प्रश्न विचारायचा असतो का?

हल्ली बाबांची पत्रं कशी असतात, पाहिलंस? आधी असायचं, मी आज एक जुना रेडिओ उघडला, मी नदीपर्यंत चालत गेलो, मला तुझी आठवण झाली. आता सगळं ‘आम्ही’. आम्ही बाजारात गेलो. आम्हाला सर्दी झाली. सर्दीसुद्धा दोघांना मिळून एकच होते का गं?

आईच्या चादरी माझ्याकडे होत्या. पांढऱ्या, निळ्या काठाच्या, धुऊन धुऊन सायीसारख्या झालेल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात तिने आपल्या नावाचं अक्षर भरलेलं. त्या सगळ्या पार्सलने पाठवून दिल्या आणि वर दोन ओळी खरडल्या, की बाबांना ह्यांचीच सवय आहे.

तू म्हणशील मी जळते. जळत नाही. करपल्याचा वास येत असेल तर तो दुसरीकडून येत असेल.

माझ्यावरचा लोभ तेवढा माझ्याकडेच राहू दे, त्यात वाटेकरी आणू नकोस.

तुझी,
ठकी


ता. ११ मार्च

चि. सौ. ठकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचताना मी खिडकी उघडली. वास फार येत होता.

तुझं पार्सल तुझ्या बापाकडे पोचलं तेव्हा मी तिथेच बसले होते. सिस्टरने दोरी सोडली, एक घडी उलगडली, आणि कोपऱ्यातल्या अक्षरावर तिचं बोट थांबलं. आत जाऊन पलंगावर चादर घातली आणि मला चहा दिला. त्यात साखर नव्हती. तिला मी तसं सांगितलंही नाही.

चारेक दिवसांनी गेले तर पलंगावर भलतीच चादर! पिवळी जर्द, तीवर बशीएवढाली फुलं. बाईने स्वतः बाजारातून आणली होती. मी तुझ्या बापाला विचारलं, ही कशी काय? तर म्हणाला, चांगली आहे. मग पांढऱ्या कशा होत्या? त्याही चांगल्या होत्या. आणि बोलता बोलता दाराच्या चौकटीला पाठ घासत होता. नव्या कापडाने अंगावर पुरळ उठलंय असं मला तरी वाटलं.

आता तुझ्या आत्याचंही थोडं ऐकून घे. माझा भाऊ संध्याकाळी फिरून येताना माझ्याकडे टेकायचा, शेजारपाजारच्या चार गोष्टी सांगायचा. आता खालच्या रस्त्यावरूनच हात हलवून पुढे जातो. घरी वाट बघत असतील म्हणतो. हे लग्न मीच जमवलं हे लोकांना सांगताना हल्ली माझी जीभ जड होते. तेव्हा तू एकटीच तव्यावर आहेस असं समजू नकोस, सरकून मलाही जागा दे.

गोष्ट चादरीची आहे, तिची घोंगडी करून डोक्यावर ओढून घेऊ नकोस.

तुझ्या वाटणीची माया इथे जपून ठेवली आहे, येऊन घेऊन जा.

तुझी,
आत्या


ता. १६ मार्च

श्रीमती सिस्टर यांस,
स. न. वि. वि.

मी पाठवलेल्या चादरी आपण काढून ठेवल्याचं कळलं. बाबांना पुरळ उठल्याचंही कळलं. त्यांची कातडी नाजूक आहे. माझी आई नवं कापड अनेकदा धुऊन, उन्हात वाळवून, आधी स्वतः वापरून मगच त्यांच्या अंगाखाली घालत असे. आपण रुग्णालयात काम केलेलं आहे, आपल्याला हे सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

बाबा तक्रार करत नाहीत याचा अर्थ त्यांना सुख आहे असा होत नाही. आपल्याला त्या चादरी वापरायच्या नसतील तर कृपया परत कराव्यात. माझ्या घरी त्यांना जागा आहे.

कळावे.

आपली,
(त्यांची मुलगी)


ता. २२ मार्च

चि. डॉक्टरना,
आशीर्वाद लिहू का, हे कळत नाही. लिहिला आहे, नको असेल तर खोडून टाका.

तुमच्या चादरी धुऊन, इस्त्री करून आज पार्सलने पाठवल्या. पुरळ माझ्या चुकीने उठलं होतं. नवं कापड एकदाच धुतलं. खळ पुरती गेली नव्हती. घाई झाली. आता पुरळ नाही.

घाई का झाली ते सांगते. मी उभी हयात वॉर्डात काढली. पांढऱ्या चादरी घातल्या, पांढऱ्या चादरी काढल्या. कुणाच्या अंगाखालून काढल्या, कुणाच्या तोंडावर ओढल्या. तुमच्या आईंची चादर फार मऊ आहे, खोटं बोलणार नाही. पण तीवर तुमचे बाबा दुपारचे आडवे झाले आणि माझा हात आपोआप त्यांच्या मनगटाकडे गेला. मी त्यांची नाडी मोजत होते. ते हसले, मला हसू आलं नाही. तशीच उठले आणि बाजारात जाऊन सगळ्यांत भडक दिसली ती चादर घेऊन आले. फुलं जरा मोठी आहेत हे मलाही दिसतं.

दुसरंही एक आहे. पलंग आवरताना दर वेळी कोपऱ्यातलं ते अक्षर बोटांना लागायचं. मी तुमच्या आईंना कधी पाहिलं नाही, पण या घरात डबा कुठे ठेवायचा, खिडकी किती उघडायची, हे सगळं त्यांनीच ठरवून ठेवलंय. गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. जिवंत माणसाचा केला तर निदान भांडता तरी येतं. आणि तुमचाही करते. तुमचं पत्र आलं की ते रेडिओचं काम टाकून उठतात. माझ्या हाकेला ओ देतात, पण उठत नाहीत.

मला वाटलं होतं, तुम्हाला चादरीचं विचारावं, म्हणजे बोलायला काहीतरी निमित्त होईल. मला दुसरं काही सुचलं नाही.

माझ्यावरून बापलेकीत वाकडं येत असेल तर ते मला नको. मी काही दिवस माझ्या बहिणीकडे जाते आहे. ते आपले आरामखुर्चीत झोपतात. पांढरी नको, पिवळी नको, म्हणून. त्यांची पाठ दुखते. तेवढं तुम्ही त्यांना समजवा. तुमचं ते ऐकतात.

लोभ मागत नाही. राग थोडा कमी असावा.

सिस्टर


ता. २५ मार्च

चि. सौ. ठकीस,
अ. आ.

बाई बहिणीकडे गेल्या. तू जिंकलीस. मी नुसत्या गादीवर झोपतो आहे आणि गादी टोचते.

तुझ्याशी भांडायला पत्र लिहिलेलं नाही. एक गोष्ट तुला सांगितली नव्हती, ती सांगायला लिहितो आहे.

तुझी आई गेली तेव्हा तू आलीस आणि सगळं घर धुऊन काढलंस. पलंगावरची चादरही धुतलीस. मी ती मुद्दाम बदलली नव्हती. उशापाशी तिच्या केसांच्या तेलाचा वास होता. मी बाहेरून आलो तर चादर दोरीवर ठिबकत होती. तुझा इतका राग आला की मी टेबलाशी जाऊन एक चांगला चालता रेडिओ खोलून ठेवला. तू रडत होतीस आणि धूत होतीस. तुला थांबवलं असतं तर तू मोडली असतीस.

माझ्यापुरत्या त्या चादरी त्या दिवशीच संपल्या. तू त्या आपल्या घरी नेल्यास तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. तुझं पार्सल उघडलं तेव्हा त्यांना तुझ्या घरच्या साबणाचा वास येत होता. चांगला वास होता. पण ती त्यात कुठे नव्हती. आणि तुम्ही दोघी त्यांच्यावरून भांडताय.

कुठलीही चालेल असं मी म्हणतो ते भिऊन म्हणतो. एकीचं नाव घेतलं की दुसरी रुसते. तुझी आत्या आणि तुझी आई यांच्यामध्ये मी असाच टिकलो. पण खुर्चीत पाठ मोडून घेतल्यावर कळलं की हे धोरण या वयाला झेपत नाही. म्हणून आता नाव घेतो. मला बाई घरी हव्या आहेत. अंगाखाली काय घालायचं ते घाला.

त्यांना आणायला मी निघालो होतो. मग वाटलं, मी आणलं तर त्या माझ्यासाठी येतील आणि पुन्हा जातील. तू आणलंस तर राहतील.

जमेल तेव्हा ये. पण लवकर जमव.

तुझा,
बाप


ता. २७ मार्च

सिस्टर यांस,
न. वि. वि.

मी शनिवारी तुमच्या बहिणीच्या पत्त्यावर येते आहे. तुमची तयारी असेल तर तिथून आपण दोघी बाबांच्या घरी जाऊ. वाटेत कापडाचं मोठं दुकान लागतं. फुलं नकोत. पांढरंही नको. बाकी तिथे भांडू.

तुमच्या पत्रातला आशीर्वाद खोडलेला नाही.

ठकी


ता. ८ एप्रिल

ती. स्व. सिस्टरना,
न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. प्रवासात शेजारच्या बाईला माझा धंदा कळला आणि तिने वाटभर अक्कलदाढ दाखवली.

आईच्या चादरी आता मीच वापरायला काढल्या आहेत. आमच्याकडच्या गृहस्थांनी विचारलं की इतक्या मऊ चादरी घरात होत्या तर आजवर मी का नाही काढल्या. पहिल्या दिवशी मी नाक खुपसून पाहिलं. बाबांनी लिहिलं तेच खरं, नुसता साबणाचा वास.

बाबांचं पत्र तुम्हाला दाखवलं नाही, पण त्यात त्यांनी तुमचं नाव घेतलंय हे सांगितलं होतं. ते तुम्ही मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलंत, हे माझ्या लक्षात आलंय. मी प्रत्येक वेळी सांगितलं. दर वेळी पोटात थोडं दुखलं, तेही सांगून टाकते. आणि मला बसमध्ये बसवून द्यायला आले तेव्हा बाबा माझ्याशी काय बोलले म्हणता? तुम्ही गार फरशीवर अनवाणी फिरता, डॉक्टर म्हणून मी तुम्हाला दटावावं. मी दातांची डॉक्टर आहे अशी त्यांना आठवण करून दिली. तर म्हणाले, तुझं ऐकतील. बस सुटेपर्यंत तुमचंच चाललं होतं. मला वाट बघून बघून शेवटी स्वतःच सांगावं लागलं, की बाबा, मीसुद्धा बरी आहे.

चादर वापरात आली का? ती विटकरी रंगाची आपण दोघींनी कशी काय निवडली हे मला अजून कळलेलं नाही. मी गालाला लावून बघत होते, तुम्ही मुठीत चुरगाळून बघत होतात. मला पातळ हवी होती, तुम्हाला भरीव. तुम्ही गुळगुळीत नको म्हणालात, मी खरखरीत नको म्हणाले. तो दुकानदार बिचारा मांडवाएवढा ढीग उलगडून बसला. शेवटी त्याचा धीर सुटला आणि तो मला म्हणाला की ताई, आईचं ऐका, त्यांना कापडातलं कळतं.

मी त्याला थांबवायला तोंड उघडलं होतं. पण माझ्याआधी तुम्हीच म्हणालात की मी हिची आई नाही; हिची आई असती तर तुमच्या दुकानात इतका वेळ लागला नसता. तो हसला, तुम्ही हसलात, मीही हसले. पैसे देऊन आपण बाहेर पडलो.

पायऱ्या उतरताना मी मध्येच थांबून डोळा चोळला. तुम्ही विचारलंत काय झालं, मी म्हटलं, कापडाची धूळ. धूळ नव्हती. तुम्ही इतक्या पटकन नाही म्हणालात, त्याचं मला वाईट वाटलं. मी नाही म्हणणारच होते, मला म्हणायचंच होतं. पण ते मी म्हणायचं होतं. तुम्ही जरा थांबला असतात, तर कदाचित मीही थांबले असते.

हे असं माझं उफराटं आहे. बाबांना यातलं काही सांगू नका. विचारलंत तर चांगलंच आहे म्हणतील.

पायांत काहीतरी घालत जा.

लोभ आहे असं अजून लिहवत नाही. जसजसा वाढेल तसतसा कळवत जाईन.

तुमची,
ठकी