यूजीन कंट्रोलरला उभा राहिला त्याची हकिगत

ती. लुडविनाताईस,

बर्नाडेटचा नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींचं गोल्फ, दोन्ही बरं चाललं असेल. (फ्लोरिडात थंडी पडली असं तू लिहितेस ते वाचून आम्ही इथे बर्फ उपसायची फावडी टेकवून हसलो.)

इकडची बातमी म्हणजे यूजीन निवडणुकीला उभा राहिला. महापौर नव्हे, शहराचा कंट्रोलर व्हायला! कंट्रोलर नेमकं काय कंट्रोल करतो, हे मी त्याला कितीदा तरी विचारलं. दर वेळी ऐकता ऐकता मला डुलकी लागली. तरी दारोदार पत्रकं वाटायला बायको म्हणून मीच. पहिल्याच दारात म्हातारी मिसेस डोम्ब्रोव्स्की म्हणाली, "उंदीर कंट्रोल करणार का गं तो?" नाही म्हणायला जीभ रेटेना. पुढच्या दारी बर्फ काढणारी गाडी, त्यापुढे सिग्नल, मग कुणाच्या तरी शेजाऱ्याचा ट्रम्पेट. मी आपली सगळ्याला हो म्हणत गेले. (एकीला तर नवऱ्याच्या पिण्याचंही. तिने लगेच अंगणात यूजीनच्या प्रचाराची पाटी लावली.)

मग शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये, तळलेल्या माशांचं जेवण झाल्यावर, दोन्ही उमेदवारांची सभा. पहिलाच प्रश्न उंदरांचा. यूजीन बिचारा गोंधळला, त्याने चष्मा पुसला आणि खरं ते बोलला, "ते माझं काम नाही. शहराचा पैसा कुठे जातो ते तपासायचं, एवढंच माझं काम." बर्फाला तेच उत्तर, ट्रम्पेटलाही तेच. मग विरोधातला उमेदवार उठला, मल्काही आडनावाचा ब्रेंडन. "उंदीर? बघतो ना!" टाळ्यांचा कडकडाट! मीही वाजवल्या गं. सगळेच वाजवत होते. यूजीनने वळून पाहिलं तेव्हा कुठे हात खाली घेतले.

पडला. सपाटून पडला. मी घरोघरी काय बोलत हिंडले ते एव्हाना त्याच्या कानावर गेलंच होतं. उरलेली पत्रकं रद्दीत टाकत म्हणाला, "मग तूच का नाही उभी राहिलीस?" हे रागाने की कौतुकाने, मला अजून उमगलेलं नाही. तुला काय वाटतं?

तुझी बुचकळ्यात पडलेली,
बर्नाडेट

ता. क. काल निवडून आलेला ब्रेंडन घरी आला. हातात केक, चेहरा पांढराफटक. हळूच म्हणाला, "यूजीनदादा, त्या खुर्चीत बसून करायचं काय असतं हो?" यूजीनचा चेहरा असा उजळला की लग्नातसुद्धा मी तसा पाहिला नव्हता. आता रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात शिकवणी.

आणखी एक. त्या खुर्चीची मुदत चार वर्षांची आहे. तुमची मागची खोली रिकामी आहे का?