दक्षिणेच्या खिडकीवरचा कागद

मी, सेत्सुओ कात्सुमाता, वय चौऱ्याहत्तर, साच्यांच्या कारखान्यातून निवृत्त, राहणार शिझुओका, हे मृत्युपत्र कुणाच्याही सांगण्यावरून लिहीत नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. हात थरथरतो, म्हणून अक्षर वाकडे आहे. पण हा कागद सबंध स्वतःच्या हाताने लिहावा लागतो, त्याला इलाज नाही.

याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यावर मी 'फेब्रुवारीचा शुभदिवस' अशी तारीख घातली होती. लग्नपत्रिकेला ते चालते, मृत्युपत्राला आकडा लागतो. माझी पत्नी फुमिए तेव्हा हसली होती. "अहो, शुभदिवस कुठला ते तरी लिहा. नंतर विचारायला कुणाकडे जायचं?" पुढच्याच महिन्यात ती गेली.

१. घर व बँकेतील शिल्लक मुलगी नात्सुमी हिला. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. आईच्या तसबिरीपुढे रोज भात ठेवलाच पाहिजे असे नाही. चहा पुरे.

२. कानशी, चिमटे व रंग आमच्या मॉडेल मंडळाला. बारीक करवत मात्र मंडळातल्या यामानाशी यांच्या हाती देऊ नये. १९९८ साली नेलेली त्यांनी अजून परत केलेली नाही.

३. कपाटावर कुपा मासे धरणाऱ्या बोटीचे मॉडेल आहे. जोडणे व रंगवणे माझे झाले आहे. बोटीचे नाव, आकडे आणि लाल पट्टा लागायचा आहे. ही डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायची चित्रे, फुमिएने १९८१ साली छापखान्यात स्वतः छापली होती. ती लावणे नेहमी तिचेच काम. माझ्या हाताला कधी जमले नाही. कागद पिवळा पडला होता. उन्हाने पिवळेपणा जातो, म्हणून यंदा ३ मार्चला तिने तो दक्षिणेच्या खिडकीच्या काचेला चिकटवला. म्हणाली, "पंधरा दिवस. विसरू नका, नाहीतर लालही उडेल." १४ तारखेला ती गेली.

मी विसरलो नाही. तिने लावला होता, म्हणून काढला नाही.

४. मेहुणा कुनिहिरो याच्याविषयी. फुमिए गेल्यानंतर एकोणपन्नासाव्या दिवशी करतात त्या विधीला तो सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, अजून तिथंच? अहो, तो लाल बघा, लोणच्यातल्या आल्यासारखा गुलाबी झालाय. फोटो द्या, दहा मिनिटांत नवीन छापून आणतो."

मी म्हणालो, "मग ताईपण नवीन छापून आण."

तेव्हापासून आमचे बोलणे नाही.

माझे ते वाक्य मी मागे घेतो. रंगाबद्दल त्याचे बरोबर होते. गेल्या आठवड्यात मी त्या कागदाच्या कोपऱ्यातला एक जादा आकडा कापून पाण्यात सोडून पाहिला. त्याचे सात तुकडे झाले.

म्हणून बोट व कागद कुनिहिरोला. बहिणीचाच स्थिर हात त्याला आहे. आधी कागदावर वार्निशचा पातळ हात द्यावा. वाळल्यावर एकेक चित्र वेगळे कापावे. पाणी कोमट असावे. फाटले तर फाटलेलेच लावावे, नवीन छापू नये. पट्टा फिका दिसेल. बोटी उन्हातच असतात.

५. चौथे कलम माझ्या मरणापर्यंत थांबवू नये. त्याची प्रत आजच टपालाने जात आहे. कुनिहिरो, येत्या रविवारी ये. सकाळी, काचेवर ऊन यायच्या आत. वार्निश आणून ठेवतो. चिकटपट्टी तू काढ. मला ते होत नाही.

कायदा साक्षीदार मागत नाही. पण एकदा चूक झाली आहे, म्हणून दोघांना बसवले आहे.

साक्षीदार: हारुयो शिन्मुरा, शेजारी (सही)
योशिआकी आमानो, फुमिएच्या छापखान्यातील सहकारी (सही)

सेत्सुओ कात्सुमाता (सही व शिक्का)
शिझुओका, १७ नोव्हेंबर २०२४. दिवस शुभ आहे की नाही, पाहिलेले नाही.