ड्रॅगन नेमका कोणाचा

रविवार, १० नोव्हेंबर

संपलं! वाचनालयातला मुलांचा रविवारचा सिनेमा बंद करा म्हणतात. आणि म्हणतंय कोण – आमचे बाबा! कमिटीचे अध्यक्ष ना ते.

आज ड्रॅगनचा सिनेमा दाखवला, हाच माझा गुन्हा. त्यात एक पोरगा आपलं गाव चेटकिणीला विकतो, आणि पकडला गेल्यावर त्याच्या जागी ड्रॅगन मरण पत्करतो. पंख पसरून खांबाला बांधलेला. तिसऱ्या पहाटे पुन्हा उठतो. पोरं टाळ्या पिटत होती. तेवढ्यात बाबा मागून ओरडले, "अगो गौरवी, हा तर उघड उघड जेजू, ख्रिस्तांचा येशू! पोरांना काय शिकवतेस तू?"

मी काय शिकवणार? इंग्रजी संवाद मराठीत वाचून दाखवते, तेवढंच.

सोमवार, ११

बाबा एकटे नाहीत. सकाळीच फिलोमेना टीचर दारात! चर्चमध्ये मुलांना धर्म शिकवतात त्या. त्यांनाही सिनेमा बंदच हवाय. पण कारण उलटं!

"गौरवी बाय, आमच्या पुस्तकात ड्रॅगन म्हणजे देंवचार, सैतान. आणि हो पोरांचो हिरो? जेजूक शेंपडी आसता?"

"देवचार वाईट कसा?" बाबा उसळले. "आमच्या वेशीची राखण करतो तो!"

मी दोघांच्या मधे बिस्किटांची बशी धरून उभी. हिंदू म्हणतो, ख्रिस्ती आहे. ख्रिस्ती म्हणते, मुळीच नाही. सिनेमा मात्र दोघांनाही नको. शनिवारी कमिटीची सभा. मी हरले तर माझे रविवार रिकामे.

बुधवार, १३

बाबा बायबल घेऊन बसलेत. पेन्सिलीने खुणा करतायत – वाचनालयाच्या प्रतीवर! दुसऱ्या कुणी केल्या असत्या तर?

टीचरनी दशावतारांचं पुस्तक नेलंय. संध्याकाळी फाटकातूनच ओरडल्या, "मासो, कांसव, रानदुकर! शेंपड्यो सगळ्यो तुमच्यांत, सर!"

शुक्रवार, १५

पुरावे तपासायचे म्हणून दोघांनी आमच्या टीव्हीवर सिनेमा पुन्हा पाहिला. मरताना ड्रॅगन त्या पोराला म्हणतो, "घरी जा, जेवण गार होईल."

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "पण दगाबाज तो! ज्याचं कर्म त्याने भोगावं. दुसऱ्याने का मरायचं?"

टीचर हळूच म्हणाल्या, "मोग आसा म्हणून, सर. माया."

मग दोघांनी नाकं पुसली. नॅपकिन एकच होता.

मी विचार करत बसले – मी कुणासाठी एवढं करीन? बाबांसाठी करीन. बहुतेक. ते माझ्या चष्म्यावर बसले त्या दिवशी नसतं केलं.

शनिवार, १६

सभा. टीचर आधी उठल्या. "हांव चुकलें. रातभर नीद ना. हो जेजूच."

बाबा ताडकन उभे. "अजिबात नाही! मी सगळं वाचलंय. हा आपला वराह आहे, वराह!"

म्हणजे आता दोघांनाही सिनेमा हवाच! आणि तरीही जुंपली ती जुंपलीच. आमचे सेक्रेटरी दत्ताराम बिचारे पेन उघडून बसलेले. शेवटी वैतागले – "सर, टीचर, अहो ड्रॅगन कोणाचा ते मागाहून बघा. मी हो लिहू की नाही?"

"हो!" दोघं एकदम.

वाचला माझा रविवार! येताना पोदेराकडून उगाचच जास्त पाव घेतले.

रविवार, १७

हॉल भरला. दारातसुद्धा पोरं. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या. ज्यांनी एवढं भांडून सिनेमा ठेवला, तेच नाहीत!

म्हापशाला थेटरात ड्रॅगनचा दुसरा भाग लागलाय. दोघं दुपारीच बसने गेले. आणखी पुरावे गोळा करायला, म्हणे.

आई गेल्यापासून बाबांनी आमची डिचोली सोडली नव्हती. जाताना अत्तर लावलं होतं.

पुराव्यांना अत्तर कशाला!