अक्काचं दूध

१२ एप्रिल, शुक्र.
केंद्रावर दूध संकलन आज फारच कमी. दुष्काळानं निम्मी जनावरं चारा छावणीत गेलीत. अक्का किटली ठेवून टँकरला पळाली. मागून तपासलं तर तिच्या दुधाला डिग्री लागेना, मशीननं पाणी दाखवलं. पाणी कुठून घालंल ती? गाय नुसत्या उसाच्या वाळल्या वाढ्यावर हाय, दूध पातळ पडणारच. मागं असं काही झालं की माणसाला बाजूला घेऊन सांगायचो. आता चेअरमनचा नियम: "सचिव, एकेकाला काय सांगत बसता? ग्रुपवर टाका, सगळ्यांना एकदाच कळतंय."
टाकलं. 'कौसल्याबाई : पाणी मिसळल्याने दूध परत.'
सख्खी थोरली बहीण. रोजच्यासारखं बोट चाललं.

१३ एप्रिल
अक्का आली न्हाई. किटली केंद्रावरच पडून. तिला वाचता येत न्हाई. पण गणेश, तिचा पोरगा, चाकणला कंपनीत हाय आणि ग्रुपात पण. त्यानं तिथून फोन करून विचारलं म्हणे, "आई, खरंच पाणी घातलंस का?"
हे तिच्या शेजारच्या शबानाभाभीकडून कळलं. वर म्हणाल्या, "केंद्रापासून तुमच्या भैनीचं घर पन्नास पावलं हाय भाईसाब. पन्नास."

१५ एप्रिल
ग्रुपवर दुरुस्ती टाकली, 'दूध शुद्ध होते, चारा कमी असल्याने...' पाच मिनिटांत चेअरमनचा फोन. "मशीन खोटं म्हणता का? उद्या पुढं आपलं दूध कोण घेईल?" काढून टाकली. तेवढ्यात कोणी वाचली असंल तर...
गणेश ग्रुपातून बाहेर पडला.

१६ एप्रिल
अक्काच्या घरी गेलो. कुलूप. गाय घेऊन छावणीत गेली, वडगावच्या रस्त्याला. एकटीच. तीन दिवस मी मेसेजच लिहीत बसलो.

२१ एप्रिल, रवि.
छावणीत गेलो. ताडपत्रीच्या सावलीत बसली होती, गाईची गोचिडं काढत. वाळलीय लई.
"कावून आलास?"
"भेटायला."
एक गोचीड उपटून टाकलं. मग म्हणली, "कौसल्याबाई लिवलंस म्हणं. अक्का तरी लिवायचं." गाईकडंच बघत. "समद्या गावाला सांगितलंस. मीच तेवढी राहिले बघ."
तोंड उघडलं, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. चेअरमन. उचलला. का उचलला? बोलणं होऊन वळतो तर ती चाऱ्याच्या रांगेत. बायकांच्या घोळक्यात पाठमोरी. तसाच परत.

५ मे
संस्थेची सभा. उभा राहून मोठ्यानं म्हणालो, माझ्या बहिणीच्या दुधात पाणी नव्हतं, मी चुकीचं लिहिलं. दोघातिघांनी फोनमधून मान वर केली. मागून कोणीतरी, "मग ग्रुपवर टाका की." हसले. चेअरमन म्हणाले, "पुढचा विषय घ्या."
तिथनंच छावणी गाठली. अक्काच्या जागेवर दुसऱ्याच कोणाच्या म्हशी. काल गणेश आला आणि तिला चाकणला घेऊन गेला म्हणे. गाय तेलगावच्या पाव्हण्यांकडं दिली. मला कुणी कळवलं न्हाई. कशाला कळवतील.

९ मे
चौथ्या वेळेला गणेशनं फोन उचलला.
"मामा, ती न्हाई बोलत फोनवर."
"नुसता कानाला लाव. मी बोलतो."
"आई, धर. मामा हाय." पलीकडं टीव्ही, कुकरची शिट्टी. मी बोलत गेलो. मशीन, चारा, चेअरमन, ती दुरुस्ती, सभा. चुकलो म्हणालो, दोनदा. लहानपणी रागावल्यावर पण निदान हूं म्हणायची.
"अक्का, ऐकतीस ना?"
टीव्हीवर कुणीतरी हसत होतं. तिच्या हातात होता फोन, का कुठं ठेवून दिला होता, काही कळंना. तरी बोलत राहिलो. मग फोन कट झाला. तिनं केला का रेंज गेली...