पुरेल एवढी गोळी

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता डोळे मिटावे लागतात. एक वाक्य मात्र आपोआप ऐकू येतं. नसरापूरच्या बाजारात तुम्ही बिडीचं बंडल गटारात टाकलंत आणि म्हणालात, "मनात आणलं की सुटतंय. न्हाई सुटलं, तर ते मनातच न्हाई." पुन्हा बिडीला हात लावला नाहीत.

तुमच्यामागं मी कापूरहोळला वेल्डिंगचं काम धरलं. एका शेडवरून पडलो, कंबर गेली, कळ मारायच्या गोळ्या सुरू झाल्या. कळ थांबली, गोळ्या थांबल्या नाहीत. मनात कितीदा आणलं, काय सांगू. एक दिवस गोळी टाळली तर नाक वाहायचं, अंग मोडून यायचं, पाय आपोआप झटके द्यायचे, की पुन्हा तेच. शेवटी बायकोनं मला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं जुन्या गोळ्यांची तलफ मारणारी, जिभेखाली ठेवायची गोळी मिळाली, कमी ताकदीची. सकाळ बरी जायची. दुपार कलली की घाम फुटायचा. डॉक्टरबाई विचारायच्या, "पुरतंय ना?" मी म्हणायचो, पुरतंय. जास्त मागितली तर ह्याला नशाच हवी, असं वाटेल त्यांना. आणि संध्याकाळी रस्त्यावरच्या ढाब्यामागं जाऊन, तिथं चोरून विकत मिळणाऱ्या जुन्याच गोळ्या घ्यायचो.

एकदा बायकोही माझ्याबरोबर बाईंच्या खोलीत आली. मी "पुरतंय" म्हणालो तशी ती खुर्चीवरून उठलीच. "न्हाई पुरत, बाई. लई घाम येतो. सांगायला लाजत्यात हे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "डोस कमी पडला तर तो मी बघायचा. तुम्ही फक्त खरं सांगा."

मग डोस थोडा थोडा वाढला. मधे एकदा फार गुंगी आली, तेव्हा जरा उतरवला. असं करता करता एक दिवस गेटचं काम संपवून घरी आलो. बायको भाकरी थापत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आज घाम न्हाई आला?" तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, ढाब्याची आठवणही झाली नव्हती.

लोक विचारतात, सुटलं का? गोळी चालू आहे, आप्पा. किती दिवस, ते बाईही सांगत नाहीत. मी काम करतो, जेवतो, झोपतो. सुटलं की नाही, याचा वाद तुमच्याशी घालायचं त्राण नाही. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? पण एक सांगतो. रोज सकाळी गोळी जिभेखाली विरघळेपर्यंत मी अजून तुमच्या फोटोकडे पाठ करून बसतो.