वाल्देनोरच्या रक्तात काय होतं

चि. रोझिल्डा,

वाल्देनोरला पुरून आलो, त्याच दिवशी मी तुझी ट्रंक अंगणात फेकली. "इस्पितळातला रोग घरी आणलास, माझ्या लेकाला खाल्लंस!" असं ओरडले. तू नर्स होतीस, एवढाच तुझा गुन्हा. पोरीला कडेवर घेऊन तू तेफे गावाला जाणाऱ्या बोटीत बसलीस.

तेव्हापासून त्याचा रिकामा झोपाळा रोज दुपारी करकरतो. त्याची धाप ऐकू येते. मी बघायला जात नाही.

कोविडने तरुण वयात गेलेल्यांवर इथे मानाउसमध्ये संशोधन चाललंय. त्याचं इस्पितळात ठेवलेलं रक्त तपासलं, मग माझं आणि यांचंही. काल डॉक्टरीणबाईंनी बोलावलं.

"विषाणू शिरला की शरीराला जागं करणारं एक जनुक असतं. वाल्देनोरच्या शरीरात त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. एक तुमच्याकडून आलेली, एक त्याच्या वडिलांकडून."

"म्हणजे मीच मारलं त्याला?"

"नाही हो, एदिल्झाबाई. यात कुणाचाच दोष नाही. पण नातीची तपासणी करून घ्या. काही निघालं तर पुढच्या तापाला लगेच उपचार करता येतील."

कुणाचाच दोष नाही म्हणे. मग तुझा तरी कुठे होता गं?

चौथ्यांदा लिहितेय. माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच फाडशील, म्हणून हेही टपालात टाकत नाही. उद्याची तेफेची बोट धरून स्वतःच येते. पोरीबद्दल तेवढं ऐकून घे, मग मला खुशाल हाकलून दे.

तुझी सासू म्हणवून घ्यायला लाजणारी,
एदिल्झा