लोणच्याची बरणी

ती. आईस,
लांबूनच वाकून नमस्कार.

घाबरू नकोस, मी वाइन पीत नाही. पाहुण्यांना चव कशी घ्यायची ते दाखवते. आधी पेल्याचा वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवून चक्क बादलीत थुंकायचा. हीच इथली रीत!

काल तर धमालच! द्राक्षमळ्यात सायकली फिरवून पाहुणे भुकेजून आले आणि नेमकं चीज संपलं. मी तुझं लिंबाचं लोणचं पावाबरोबर वाढलं. बोटं चाटून खाल्लं गं सगळ्यांनी! मालकीणबाईंनी विचारलं, “किती वर्षं मुरवलंय?”

बाबांचा गुडघा काय म्हणतो? मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

बरणी रिकामी झाली, पण अजून धुतलेली नाही. रोज कामावर निघताना झाकण उघडून वास घेते.

तुझीच,
धाकटी